मुद्दाम घालवलेला पेपर

“आज ज्याला चांगले मार्क पडतील तो गाढव,” ड्वेन म्हणाला आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

ड्वेन आमचा कॅप्टन. ओहायो नदीच्या काठावर केलर्स फेरी नावाचं गाव आहे, तिथल्या फुटबॉल क्लबच्या ऑफिसमागच्या खोलीत आम्ही सगळे खेळाडू लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसलो होतो. अमेरिकेत या खेळाला सॉकर म्हणतात. मी मूळचा कराडचा, दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर इकडे आलेला, त्यामुळे मी मेलो तरी फुटबॉलच म्हणणार. जानेवारी होता, सीझन सुरू व्हायचा होता आणि त्याआधी प्रत्येकाच्या मेंदूची परीक्षा घ्यायचा नियम होता. पडद्यावर शब्द दाखवायचे, ते लक्षात ठेवायचे. आकार दाखवायचे, ते ओळखायचे. लाल रंग दिसला की बटण दाबायचं. जो आकडा येईल तो तुमच्या शाबूत डोक्याचा आकडा म्हणून क्लबपाशी राहणार. पुढे मॅचमध्ये डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. आकडा घसरला तर घरी बसा, जेवढ्याला तेवढा असेल तर खेळा.

“म्हणजे कळलं ना, नवीन पोरांनो?” ड्वेन म्हणाला. “आज पेपर घालवायचा. शब्द विसरायचे. बटण उशिरा दाबायचं. रात्रभर बिअर ढोसून आल्यासारखं वागायचं. मग पुढे कितीही टाळकं आपटू दे, आकडा घसरायला जागाच राहत नाही.”

परीक्षा घ्यायला आलेली लॉरेन, क्लबची फिजिओ, नेमकी त्याच वेळी कॉफी आणायला गेली होती. कोच ब्रॅकेट तर त्या बाजूला फिरकलाच नव्हता. ही दरवर्षीची वहिवाट होती हे मला नंतर कळलं. सगळ्यांना सगळं माहीत, आणि सगळे साळसूद.

माझ्या शेजारी कोल्बी बसला होता. कॉलेजची चार वर्षं आम्ही दोघं मैदानाच्या मधल्या पट्ट्यात एकत्र खेळलो. तो इंडियानातल्या एका खेड्यातला, लोकांच्या घरांची छपरं घालणाऱ्या माणसाचा मुलगा. डावा पाय असा की बॉल त्याचं ऐकायचा. मी त्याच्या मागे राहून बॉल हिसकावून आणायचो आणि त्याला द्यायचो, पुढचं सगळं तो बघायचा. कॉलेज संपल्यावर वरच्या लीगने आम्हा दोघांनाही विचारलं नाही, म्हणून दुय्यम लीगमधल्या या क्लबात आलो होतो. एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो.

कोल्बीने पेपर मोठ्या हौसेने घालवला. चुकीचं बटण दाबून माझ्याकडे बघून डोळा मारायचा. मीही ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि हात आपोआप बरोबर उत्तराकडे जायला लागला. चौथीच्या स्कॉलरशिपला आईने मला पहाटे उठवून उठवून गणितं करून घेतली होती. ज्या घरात ब्याण्णव पडले तर उरलेल्या आठांची चौकशी होते, त्या घरातल्या पोराला येत असलेलं उत्तर चुकवता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बोट बरोबर उत्तरावरच पडलं. शेवटी म्हटलं जाऊ दे, आणि सरळ सगळा पेपर लिहून मोकळा झालो.

माझा आकडा टीममध्ये सगळ्यात वर आला. लॉरेनने कौतुकाने तो मोठ्यांदा वाचला आणि अख्खी खोली खो खो हसली.

“हात दाखवून अवलक्षण,” असं बाबा फोनवर म्हणतील असं मला वाटलं होतं. पण ते एकदम गंभीर झाले.

“नापास व्हायला सांगतात? ही कसली परीक्षा रे?”

“तशीच पद्धत आहे बाबा इथे.”

“पद्धत गेली खड्ड्यात. तू बरोबर लिहिलास ना? झालं तर मग.”

मागून आई ओरडली, “पहिला आला का? मग साखर ठेव देवापुढे!”

टीममध्ये माझं नाव प्रोफेसर पडलं. एरवी ते मला पॅट म्हणायचे, पाटणकर त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं म्हणून. मी हसण्यावारी नेलं. त्या वेळी मला ती सगळी गंमतच वाटली होती.

मे महिन्यात कोच ब्रॅकेटने आम्हाला बोलावून सांगितलं की येत्या शनिवारच्या मॅचला वरच्या लीगमधल्या क्लबचा माणूस येणार आहे. मधल्या पट्ट्यातला खेळाडू त्यांना हवा होता, डाव्या पायाचा. म्हणजे कोण ते सांगायला नकोच. कोल्बीने त्या दिवशी घरी येऊन वडिलांना फोन केला आणि बोलता बोलता रडला. रिक, त्याचा बाप, गुडघे कामातून गेलेला माणूस, अजूनही शिडी चढत होता. कोल्बीने शाळेच्या प्रत्येक सुट्टीत त्याच्याबरोबर तापलेल्या छपरांवर डांबराचे पत्रे ठोकले होते. “काही झालं तरी परत वर चढायचं नाही,” एवढं एक त्याने आयुष्यात ठरवलं होतं. मला त्याचं खरंच फार वाटायचं. इतका चांगला खेळणारा माणूस मी जवळून दुसरा पाहिला नाही.

आणि मग बुधवारची मॅच आली.

समोरच्या गोलकीपरने उंच किक मारली. बॉल आमच्या दोघांच्या मधोमध येत होता. मी ओरडलो “माझा”, तोही ओरडला “माझा”, दोघांनी एकदमच उडी मारली. बॉल कुठे गेला मला माहीत नाही. त्याच्या कपाळाची कड माझ्या कानाच्या वर बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढचं मला आठवतं ते गवत, अगदी डोळ्याला चिकटलेलं, आणि पलीकडे पाठीवर पडून आकाशाकडे बघत असलेला कोल्बी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांची परीक्षा झाली. एकाच खोलीत, शेजारी शेजारी. शब्द माझ्या डोक्यातून वाळूसारखे निसटत होते. लाल रंग कळायचा, पण बोट हलेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. लॉरेनने माझा आकडा बघितला, जुना बघितला आणि मान हलवली. निम्म्यावर आला होता. मी घरी, किमान तीन आठवडे.

कोल्बीचा आकडा जानेवारीत होता तेवढाच आला. तंतोतंत.

“पास!” कोच ब्रॅकेट दारातून ओरडला. त्याने कोल्बीच्या पाठीवर थाप मारली. थाप बसताच कोल्बीने डोळे घट्ट मिटून घेतले, ते मी बघितलं. कोचनेही बघितलं. मग तो माझ्याकडे वळला.

“आणि तू! तुला कोणी सांगितलं होतं जानेवारीत हुशारी पाजळायला? आता बस.”

पेपर चांगला लिहिला म्हणून बोलणी खायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली. तोंड उघडलं असतं तर तिथेच ओकलो असतो.

फ्लॅटवर आलो. पडदे ओढून दोघंही पडून राहिलो. संध्याकाळी कोल्बी उठला, कपभर दूध प्याला आणि दुधाची बाटली कपाटात बशांच्या शेजारी ठेवून आला. मग परत उठला आणि फ्रिजमध्ये दूध शोधायला लागला. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ ओकत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “आपलं कॉलेज संपलं ना रे?” मी दचकून बघितलं तर हसला. “गंमत केली.” पण गंमत केलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

“कोल्बी, शनिवारी खेळू नकोस.”

“वेडा आहेस का?”

“तुला पण लागलंय. माझ्याइतकंच. एकच तर धडक होती ती.”

“मी पास झालो,” तो म्हणाला.

“तू जानेवारीत नापास झालास म्हणून आज पास झालास!”

त्याने उशी तोंडावर ओढून घेतली. उशीखालून म्हणाला, “पॅट, तो माणूस परत येणार नाही. हे तुला पण माहितीये. एक मॅच. मग मी वर्षभर झोपतो, पाहिजे तर.”

शुक्रवारी सकाळी मी काळा चष्मा लावून क्लबवर गेलो. लॉरेनला सगळं सांगितलं, दूध, ओकाऱ्या, सगळं. ती चांगली बाई होती, ऐकताना तिचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, “माझ्याकडे आकडा आहे पॅट. आकडा बरोबर आहे. त्याने स्वतः तक्रार केली तरच मी काही करू शकते.”

“आकडा खोटा आहे हे तुला माहीत नाही का? तू कॉफी आणायला का जातेस दरवर्षी?”

ती बँडेजचे रोल उगाच एकावर एक रचत बसली.

मग कोच. ब्रॅकेटच्या खोलीत घामट मोज्यांचा आणि दालचिनीच्या च्युइंगगमचा मिळून एक वास असायचा. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, आणि फार मायेने म्हणाला, “बेटा, तुला वाईट वाटतंय ते मी समजू शकतो. तुम्ही दोघं एकाच जागेवरचे. तू बाहेर, तो आत. कुणालाही जळजळ होईल.”

“कोच, तो ओकतोय.”

“मीही पहिल्या मोठ्या मॅचआधी ओकलो होतो. मन मोठं ठेव.”

चोर तो चोर आणि वर शिरजोर. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं, आणि मस्तक आधीच दुखत होतं.

शेवटचा उपाय म्हणून मी रिकला फोन केला. बाप आहे, त्याला तरी कळवळा येईल असं वाटलं. तो मुकाट्याने ऐकून घेत होता. मागे हातोड्यांचे आवाज येत होते, छपरावरच असावा.

“तुझा बाप काय करतो पोरा?” त्याने विचारलं.

“इंजिनियर आहेत.”

“हं. मग तुला दुसरी सोय आहे. कोल्बीला नाही. त्याच्या वाटेत येऊ नकोस.”

फोन बंद झाला. मला त्याचा राग आला, पण ब्रॅकेटचा आला तसला नाही. तो माणूस निदान छपरावरून बोलत होता.

शनिवारी मी स्टँडमध्ये रिकच्या शेजारी बसलो. त्यानेच मला बोलावून बसवून घेतलं, काही झालं नसल्यासारखं शेंगांचा पुडा पुढे केला. मला आजही लख्ख आठवतं, मी मनातल्या मनात चक्क प्रार्थना करत होतो की कोल्बी वाईट खेळू दे. बॉल पायातून जाऊ दे, पास चुकू दे, कोच त्याला काढू दे. लोकांना संशय तरी येईल.

कोल्बी आयुष्यात खेळला नाही तसा खेळला.

पहिल्याच हाफमध्ये त्याने दोन माणसांमधून असा एक पास सरकवला की आमच्या फॉरवर्डला नुसता पाय लावायचा बाकी राहिला. दुसरा गोल त्याने स्वतः केला, तीस यार्डांवरून, डाव्या पायाने. रिक उठून उभा राहिला आणि मला मिठी मारून गदागदा हलवायला लागला. माझं डोकं फुटतंय की काय असं झालं. “बघितलंस? बघितलंस?” तो ओरडत होता. बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वरच्या लीगचा तो माणूस दोन रांगा खाली बसला होता, तो फोनवर बोलायला उठून गेला आणि हसत परत आला.

दुसऱ्या हाफमध्ये एका कॉर्नरला कोल्बीने परत डोक्याने बॉल मारला. मारला आणि जागीच उभा राहिला. बॉल गेला, माणसं गेली, तो तिथेच, दोन्ही हात थोडे पुढे धरून, अंधारात भिंत चाचपावी तसा. मग ड्वेनने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि ढकललं, तसा तो पळायला लागला. उरलेला वेळ पळत राहिला. एक पासही चुकला नाही. पायांना सगळं पाठ होतं.

मॅच संपल्यावर ड्वेन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काय प्रोफेसर? मेला का तो?” सगळे हसले. मीही हसलो असेन. मला स्वतःचीच शंका यायला लागली होती. वाटलं, कोच म्हणतो तेच खरं असेल, आपल्याच पोटात दुखत असेल.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आलो तर कोल्बी स्टुलावर बसला होता. अंगात मॅचचे कपडे, पायात मोजे, घोट्याला पट्ट्या बांधून तयार.

“बस किती वाजता निघणार?” त्याने विचारलं. “आज येणार ना तो माणूस? मला रात्रभर झोप नाही पॅट.”

मी त्याच्यासमोर बसलो.

“कोल्बी, मॅच काल झाली.”

“झोपेत आहेस का?”

“काल झाली. तू गोल केलास. आपण जिंकलो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग घोट्याच्या पट्टीकडे बघितलं. हात वर करून कपाळाला लावला, तिथे कालचं गवताचं खरचटणं होतं. त्याचा चेहरा बघता बघता लहान पोरासारखा झाला. “गोल?” तो म्हणाला. “कसा केला?”

मी ब्रॅकेटला फोन लावला. मला खरंच वाटलं, आता संपलं. कितीही निर्ढावलेला असला तरी याच्यावर तो काय बोलणार आहे? आता डॉक्टर, दवाखाना, पुढचं पुढे.

ब्रॅकेट अर्ध्या तासात आला. हातात लॅपटॉप आणि डोनटचा डबा. कोल्बीला पलंगावर बसवलं, स्वतः शेजारी बसला, आणि कालच्या मॅचचा व्हिडिओ लावला.

“हे बघ, घाबरायचं काही कारण नाही. दमलं की होतं असं. उद्या त्या वरच्या क्लबने तुला सहीला बोलावलंय, तिथे ते विचारणार, वर्तमानपत्रवाला पण असेल. आपण नुसती उजळणी करू. हा पास बघ. इथे तू काय विचार केलास?”

“मला आठवत नाही कोच.”

“मी सांगतो ना. तू डावीकडे बघितलंस, पण उजवीकडून धावणारा तुला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. म्हण.”

“मी डावीकडे बघितलं,” कोल्बी म्हणाला, “पण उजवीकडून धावणारा...”

“डोळ्याच्या कोपऱ्यातून.”

“डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला.”

“शाब्बास. आता गोल.”

पाढे म्हणून घ्यावेत तसं तो माणूस त्याच्याकडून म्हणून घेत होता. स्वतः डोनट खात होता आणि साखर कोल्बीच्या चादरीवर सांडत होती. मी दाराला टेकून उभा होतो. मला कोचची शिसारी आली, त्या डोनटची आली, भिंतीवर लावलेल्या आमच्या टीमच्या फोटोची आली, आणि कोल्बी ते सगळं मन लावून पाठ करत होता त्याचीही आली. मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो. त्यात माझ्या डोक्याचा भाग किती आणि बाहेरच्या त्या शिकवणीचा किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

कोल्बीच्या कारकिर्दीवर आज इंटरनेटवर एक पान आहे. कॉलेज, दुय्यम लीग, मग वरच्या लीगमध्ये दोन सीझन, मग फिनलंडमध्ये काही महिने, मग रिकामं. केलर्स फेरीच्या त्या मॅचचा तिथे खास उल्लेख आहे. तो आता इंडियानात आईवडिलांच्या घरी राहतो. त्याच्या खोलीत दिवसा जाड पडदे असतात आणि तो कधी कधी फोन करून एकच गोष्ट तीनदा सांगतो. मला तिसऱ्यांदाही ती पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवता येतं. मी त्याच वर्षी खेळ सोडला. पण त्या पानावर नाही ते सांगायचं राहिलंय, ते सोमवारचं आहे.

सोमवारी रिकच्या ट्रकमधून आम्ही वरच्या क्लबला गेलो. ब्रॅकेट त्याच्या गाडीने पुढे. “तू चल,” कोल्बीनेच मला सांगितलं होतं, “माझं काही चुकलं तर हळूच खुणाव.” रस्ताभर तो पुटपुटत होता, डावीकडे बघितलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा रिक खाली उतरला. मी ती संधी साधली.

“कोल्बी, तिथे नवीन खेळाडूची परीक्षा घेतील. तीच, शब्दांची. या वेळी घालवू नकोस.”

“ड्वेन म्हणाला, तिथे पण तेच करायचं.”

“ड्वेनला मर म्हणावं. खरी दे. निदान त्यांच्याकडे तुझा खरा आकडा राहील. पुढे परत लागलं तर तोच तुला वाचवेल. एवढं माझं ऐक.”

त्याने विचार केला. हल्ली त्याला विचार करायला वेळ लागत होता, दोन दिवसांत लागायला लागला होता.

“बरं,” तो म्हणाला. “तुझ्यासारखी देतो.”

तिथलं सगळं चकाचक. गालिचे, फोटो, काचेच्या भिंती. वर्तमानपत्रवाल्याने पासबद्दल विचारलं आणि कोल्बीने घडाघडा म्हणून दाखवलं. सगळे खूश. मग आम्हाला डॉक्टरच्या खोलीत नेलं. पिकल्या केसांचे, सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावणारे डॉक्टर, बघितल्यावर विश्वास बसावा असे. कोल्बी लॅपटॉपसमोर बसला. मी, रिक आणि ब्रॅकेट मागच्या सोफ्यावर.

मी त्याच्याकडेच बघत होतो. तो खरंच जीव तोडून पेपर लिहीत होता. जीभ दातांत धरलेली. एकेका शब्दाला ओठ हलत होते. कानामागून घामाचा ओघळ शर्टात उतरत होता. लाल रंग आला की बोट बटणावर असं आपटायचा की टेबल हलायचं. एकदाही वळून त्याने डोळा मारला नाही. झाल्यावर मात्र माझ्याकडे बघून अंगठा वर केला, सबंध चेहऱ्याने हसला.

डॉक्टरांनी आकडा बघितला. आमच्या क्लबकडून आलेला जुना आकडा शेजारी ठेवला.

“थोडा कमीच आहे,” ते म्हणाले. “पण ठीक. जवळपास तेवढाच. याचा नेहमीचा आकडा हाच दिसतोय.”

मी उभा राहिलो. ब्रॅकेटने माझी बाही धरली, ती मी सोडवून घेतली.

“डॉक्टर, तो जुना आकडा खोटा आहे. जानेवारीत त्याने मुद्दाम पेपर घालवला होता. आमच्याकडे सगळेच घालवतात.”

रिकने मान खाली घातली. ब्रॅकेटच्या तोंडातलं च्युइंगगम थांबलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे, मग कोल्बीकडे बघितलं. मला वाटलं, सुटलो. एक तरी शहाणा माणूस भेटला.

डॉक्टर हसले.

“बेटा, आमच्याकडे काय वेगळं करतात असं वाटलं तुला?” त्यांनी कोल्बीच्या खांद्यावर थोपटलं. “पण हा हुशार आहे. इतका बेमालूम घालवलेला पेपर मी फार कमी वेळा बघितलाय. छान.”

ब्रॅकेट खदखदून हसला. रिकही हसला, सुटल्यासारखा. बाहेर कुणीतरी कागद तयार असल्याचं सांगायला आलं आणि सगळे उठले.

कोल्बी खुर्चीतच होता. अंगठा अजून अर्धवट वर तसाच. त्याने पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं, मग डॉक्टरांच्या पाठीकडे, मग माझ्याकडे.

“पॅट,” तो अगदी हळू म्हणाला, “मी सगळी बरोबर दिली होती.”

मग रिकने त्याला हाताला धरून उठवलं आणि सही करायला घेऊन गेला.